मोजलेली झाडं

मी जन्मात एकच अर्ज मन लावून लिहिला, आणि त्या अर्जानं एक अख्खं रान खाल्लं.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आम्ही म्हाताऱ्या काय करतो, आधी मोहाचा वास सांगतो, मग तळ्यावरचे बगळे, मग चुलीवरचा भात, आणि गुन्हा हळूच पदराआड सरकवून देतो. मला ती कला चांगली साधते. माझी निम्मी पुस्तकं त्याच कलेवर उभी आहेत.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. दोन वेण्या, सातवी पास, आणि पंचक्रोशीत माझ्याइतकं शुद्ध कोणी बोलत नाही असा माज. त्या पोरीचा एखादा फोटो असता, तर तो भिंतीवर लावून मी रोज सकाळी तिला वाकुल्या दाखवल्या असत्या. पण आमच्याकडे फोटो कुठला? त्यामुळे वाकुल्या दाखवायच्या तर आरशातच बघावं लागतं.

गेल्या माघात नातीनं मला गाडीत घालून तिकडे नेलं. माझ्या पंच्याऐंशीचं काही पुस्तक निघायचं आहे म्हणे, आणि त्यात तिला ‘आजीच्या लेखनाची प्रेरणा’ असा लेख लिहायचाय. प्रेरणा! हा प्रश्न मला रेडिओवर विचारला, शाळांत विचारला, सत्काराच्या मांडवात विचारला. मी दरवेळी मान जराशी कलती करून ‘निसर्ग’ असं म्हणत आले. लोक टाळ्या वाजवतात. निसर्ग बिचारा उलटून बोलत नाही, म्हणून खपून जातं.

पोंभुर्ण्याच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी गाडी थांबली. झाडं होती. सागाचीच होती. पण सगळी ओळीत. एकाच वयाची, एकाच उंचीची, शाळेतल्या कवायतीला उभी केल्यासारखी. प्रत्येकाच्या बुंध्यावर पांढरा पट्टा, पट्ट्यावर काळा आकडा. खाली वाळलेली सागपानं पापडासारखी पसरलेली. पाय ठेवला की चर्रकन मोडायची. त्याखेरीज दुसरा आवाज नाही. एक पाखरू नाही.

“किती सुंदर आहे गं आजी,” नात म्हणाली. “किती शिस्तीत लावलीयत!”

“हो ना,” मी म्हटलं. “मोजायला सोपी.”

तिला वाटलं, आजीनं विनोद केला. ती हसली. मीही हसले. आमच्या घराण्यात खरं बोलण्याची हीच एक रीत उरली आहे.

ठाना म्हणायचो आम्ही त्या जागेला. गोंडांच्या देवाचा ठाना. देवाला मूर्ती नव्हती, देऊळ नव्हतं. सगळ्यांत जुन्या सागाच्या बुंध्याशी चार गोल दगड, मातीचे दोन घोडे आणि शेंदराचा एक डाग, एवढाच त्याचा संसार. घोड्यांपैकी एकाचा कान तुटका होता. टेकडीच्या पोटात ठाना, आणि ठान्याच्या पायाशी आमचं तळं. आम्ही ढिवर. बा तळ्यात जाळं टाकायचा, आई मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. टेकडीच्या कडेला गोंडांचा टोला होता, वीसेक घरांचा. देव त्यांचा, तळं आमचं, आणि पाणी मात्र देवाकडून तळ्याकडे यायचं, त्यामुळे दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या जमून होतं. पावसाळ्यातली पहिली मासोळी बा ठान्यावर नेऊन ठेवायचा. त्याला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, आणि का ठेवतोस असं कोणी विचारलंही नव्हतं.

ठान्याच्या वेशीवर एक चपटा काळा दगड होता. जवळचं लोखंड त्या दगडावर ठेवायचं आणि मग आत जायचं, ही रीत. कुऱ्हाड, विळा, चाकू, बायकांच्या कमरेच्या किल्ल्या. मोहाच्या दिवसांत तो दगड लोहाराच्या दुकानासारखा दिसायचा, आणि तिथून एक खिळा कधी हरवल्याचं मी ऐकलं नाही. दुसरी रीत अशी की आत गेल्यावर झाडं मोजायची नाहीत. निजलेली लेकरं मोजू नयेत, तशी. मोजली की त्यांतलं एक उणं होतं, असं झुरीमाय म्हणायची.

झुरीमाय म्हणजे टोल्यातली म्हातारी. तिचा नवरा ठान्याचा पुजारी होता. तो गेल्यावर ठान्याकडे तीच बघायची. अंगानं वाळक्या शेंगेसारखी, दंडावर गोंदण, आणि हसली की वरचे दोन दात आधी बाहेर यायचे, मग आवाज. माझ्या आईशी तिचं मीठ-मासोळीचं नातं होतं. ती चारोळी आणायची, आई सुकट द्यायची, आणि दोघी मिळून आपापल्या मेलेल्या नवऱ्याला आणि जिवंत नवऱ्याला शिव्या द्यायच्या.

चैत्रात तांबडं फुटायच्या आत आम्ही पोरी टोपल्या घेऊन ठान्यात शिरायचो. मोहाचं फूल पडताना आवाज करतं. थेंबापेक्षा जड, पावलापेक्षा हलका. आपण उभं राहावं आणि चहूकडून टप, टप, कोणीतरी आपल्यासाठी घर आवरतंय असं वाटावं. आणि वास! गोड, किंचित आंबूस, दूध उतू जाऊन चुलीत पडल्यासारखा. पोरींच्या केसांत जो बसायचा तो पावसाळ्यापर्यंत निघायचा नाही. कधी आमच्या आधी अस्वल येऊन गेलेलं असायचं. फुलांच्या सड्यात त्याचे फराटे दिसायचे. झुरीमाय ते बघून आवाज बारीक करायची, “मोठ्या बाई येऊन गेल्या वं. सरका, त्यायच्या हिश्श्याचं राहू द्या त्या कोपऱ्यात.” आणि आम्ही खरंच एक कोपरा सोडून द्यायचो.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो. आम्ही त्याला मेंदी म्हणायचो. सणावाराची खरी मेंदी मला आठवत नाही. ती लाली आठवते. धुतली तरी दोन दिवस राहायची.

सातवीसाठी मला चांद्याला मावशीकडे ठेवलं होतं. आता चंद्रपूर म्हणतात. तिथले मास्तर देशावरचे. माणूस वाईट नव्हता. मला जुनी मासिकं वाचायला द्यायचा, वहीच्या समासात ‘सुंदर’ असं लिहायचा. फक्त वर्गात कोणी ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की फळ्याच्या कोपऱ्यात त्याच्या नावापुढे एक रेघ ओढायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या नावापुढे रेघांचं कुंपण झालं होतं. सहा महिन्यांत ते साफ झालं. सातवी पास होऊन घरी आले ती आईची जीभ दुरुस्त करायलाच.

“मले नव्हे गं आई. मला.”

आई मासोळ्या खवलत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. “मले भूक लागली म्हटलं तं भात भेटते. मला म्हटलं तं का पुलाव भेटन?”

बा हसला. मी मात्र रुसले. मला वाटलं, या घरात माझा जन्म टपालाच्या चुकीनं झाला असावा.

त्याच वर्षी दिवाळीनंतर नाकेदार आला. नाकेदार म्हणजे रानाची राखण करणारा शिपाई. याच भागातला माणूस होता, बाच्या ओळखीचा. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच सुटली होती, रान सरकारचं झालं होतं. तो पारावर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, “औंदाचा कूप टेकडीकडून पडून राह्यला.”

कूप म्हणजे एका हिवाळ्यात तोडायचा म्हणून आखून दिलेला रानाचा तुकडा. ते आम्हाला माहीत होतं.

“देवाचं ठिकान असन, लोकायचा हक्क असन, तं तेवढं सायेब सोडते,” नाकेदार म्हणाला. “चांगला मानूस हाय. पन कागद पायजे. तोंडी नाई चालत.”

कागद म्हटल्यावर सगळ्यांनी बाकडे बघितलं आणि बानं माझ्याकडे. त्याच्या तोंडावर तेव्हा जो उजेड होता, तो मला अजून दिसतो. म्हणून मी डोळे मिटून झोपत नाही फारशी. “माही पोट्टी लिवते,” तो म्हणाला. “चांद्याले शिकली हाय.”

झुरीमायच्या अंगणात बैठक बसली. मी मधोमध, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. झुरीमाय सांगत होती. कधी गोंडी, कधी आमची बोली, आणि प्रत्येक वाक्याआधी ‘लिव’.

“लिव, तिथी आमचा देव हाय. लिव, तिथी आमी लोखंड नेत नाई. लिव, मोहाचं पयलं फूल त्याले, मंग आमाले, मंग अस्वलीले.”

“अस्वलीचंही लिहू?”

“काऊन? ते का सरकारच्या बाहेर राह्यते?”

लोक हसले. झुरीमाय हसली नाही. ती पुढे म्हणाली, “लिव, तीन महिने आमच्या चुलीत मोह शिजते. चारोळीचा चार हाय, टेंभुर्नी हाय, लिव. अना हे पक्कं लिव. झाडायच्या मुळ्या माती धरून हायत. मुळ्या गेल्या का माती पान्यासंगं खाली येईन. तळं बुजन. मंग या ढिवराच्या घरी का शिजन?”

“हाव,” बा म्हणाला. “हे नाई सुटलं पायजे, पोरी.”

मी मान डोलवत होते. वहीत मी एक कमळ काढलं होतं.

मला वाटत होतं, हे काय लिहायचं? मोह, अस्वल, मासोळ्या! साहेब शिकलेला माणूस, त्याच्यापुढे चुलीचं आणि चिखलाचं मांडायचं? माझ्या डोक्यात मास्तरांची मासिकं होती. त्यांत वनश्री असायची, तरुवर असायचे, मंद मंद वायुलहरी असायच्या. मोह कुठेच नसायचा. वाकडातिकडा, काळ्या सालीचा, फुलांना दारूचा वास येणारा मोह कुठल्या वर्णनात बसतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी ठान्यात गेले. बाच्या जाळ्याची दोरी बरोबर होती, हातहातभर अंतरावर गाठी मारलेली. लोखंड काही नव्हतं; बघा, रीत पाळली! मी एकेका सागाला दोरी लावली. दोन्ही हातांनी मिठी मारायची, दोरी पलीकडून सरकवायची, गाठी मोजायच्या. साल गालाला खरखरीत लागायची, उन्हानं कोमट, बाच्या पाठीसारखी. मला हुरूप चढला होता. शाळेत शिकवलं होतं, वर्णन नेमकं हवं. सत्तावीस भरले. सत्तावीस साग, आणि प्रत्येकाच्या गाठी मी वहीत मांडल्या.

अर्जाची ओळ न् ओळ मला पाठ आहे. एरवी औषध घेतलं की नाही तेही आठवत नाही. मी लिहिलं होतं: ‘येथील सागवृक्ष म्हणजे जणू वनदेवतेच्या मंदिराचे स्तंभच. संख्येने सत्तावीस असून प्रत्येकाचा घेर पाच ते सहा हात भरतो. सरळसोट, निर्दोष, किडीचा स्पर्शही न झालेले असे वृक्ष पंचक्रोशीत आढळणार नाहीत. मधली वेडीवाकडी झाडे सोडली, तर हे वन म्हणजे सृष्टीचे लेणेच होय. हे सौंदर्य अबाधित राहावे, ही विनंती.’

मधली वेडीवाकडी झाडे. म्हणजे मोह. म्हणजे चार, म्हणजे टेंभुर्णी. म्हणजे तीन महिन्यांची चूल.

वाचताना साहेबाच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी खात्री होती. मी तो पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. कोणाला अर्धा कळला नाही, पण कळला नाही म्हणूनच सगळे खूश होते. सरकारी वाटत होता. झुरीमाय अंगठ्याला शाई लावून थांबली.

“देवाचं लिवलं नं?”

“लिहिलं.” वनदेवता होतीच की.

“अना पान्याचं? मासोयायचं?”

“सगळं आहे त्यात, झुरीमाय.”

तिनं अंगठा उठवला. तो नेमका ‘लेणेच होय’च्या शेजारी उमटला.

मार्गशीर्षात जीप आली. साहेब, त्याच्या मागे ठेकेदार, त्यांच्या मागे खांद्यावर घण घेतलेली दोन माणसं, आणि सगळ्यांत मागे नाकेदार. साहेबाच्या हातात माझा अर्ज होता. गाव गोळा झालं होतं.

“हा कोणी लिहिलाय?”

बानं मला पुढे ढकललं.

“तू? शाबास!” साहेब म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता. “काय अक्षर, काय भाषा! या भागात अशी भाषा मी पहिल्यांदाच पाहतोय.”

या भागात! हे दोन शब्द मी गुळाच्या खड्यासारखे किती दिवस चघळले. त्यांत आपल्या आईच्या तोंडात मारलेलं आहे, हे कळायला मला माझं पहिलं मूल व्हावं लागलं.

ठेकेदार मात्र भाषेवर काही बोलला नाही. त्यानं अर्ज हातात घेतला. त्याचा अंगठा ‘पाच ते सहा हात’ या शब्दांवर टेकला होता. “बेटी,” तो गोड आवाजात म्हणाला, “हे सत्तावीस कुठी हायत, जरा दाखव नं.”

आणि मी दाखवायला निघाले. पुढे मी, मागे जीपचं सगळं सरकार. दोरीसुद्धा घेतली होती बरोबर, साहेबाला पडताळून बघायचं असलं तर.

काळ्या दगडाशी झुरीमाय उभी होती. “लोखंड इथी ठेवा, सायेब,” ती म्हणाली.

साहेब थांबला. खरोखर थांबला. त्यानं घणवाल्यांनाही हातानं थांबवलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, “इथे काही देवस्थान आहे का? नाकेदार तसं म्हणत होता. पण अर्जात तर काही दिसत नाही. असेल तर सांग, तेवढा भाग आपण सोडू.”

बा माझ्याकडे बघत होता. झुरीमाय बघत होती. नाकेदार पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. साहेबाशी बोलायचं काम गावानं माझ्यावर सोपवलं होतं, म्हणून कोणीच मधे तोंड घालत नव्हतं. एक ‘हो’ पुरे होता. ‘हाव’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मला तुटक्या कानाचा घोडा दिसला. साहेब आत जाईल, तो घोडा बघेल, शेंदराचा डाग बघेल, आणि मग माझ्याकडे बघेल. या भागातली म्हणून.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “जुन्या लोकांच्या समजुती आहेत.”

‘समजुती’ हा शब्द मला नुकताच सापडला होता, आणि तो बरोबर जागी बसला म्हणून, देवाशप्पथ सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला.

झुरीमाय बाजूला झाली. लोखंड आत गेलं. घणाच्या तोंडाशी सरकारी शिक्का होता. झाडाची साल तासायची आणि पांढऱ्या लाकडावर तो ठोकायचा. ठण्ण. दुसरं झाड. ठण्ण. सत्तावीस वेळा. माझा आकडा बिनचूक निघाला. जाताना साहेबानं खिशातलं पेन काढून मला बक्षीस दिलं, हिरव्या रंगाचं, सोनेरी टोपणाचं. “लिहीत जा,” तो म्हणाला.

माघात आरे चालू झाले. दोन माणसं समोरासमोर बसून ओढायची तो मोठा आरा. घर्र-घर्र, घर्र-घर्र, दिवसभर. आई भात वाढायची तेव्हाही, आम्ही तळ्यावर धुणं बडवायचो तेव्हाही. मग एक करकर, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पायाखालची जमीन एकदा उचलून ठेवल्यासारखी व्हायची. तळ्याच्या पाण्यावर काटा यायचा. सागाच्या भुश्शाला वास असतो, नव्या चामड्याचा, जरा गोडसर. तो वाऱ्यावर गावात यायचा आणि वाळत घातलेल्या लुगड्यांत बसायचा. त्या वर्षी केसांना मोहाचा वास नव्हता. भुश्शाचा होता.

बैलबंड्यांना लाकूड ओढायला वाट हवी होती, म्हणून मधली वेडीवाकडी झाडं काढली. अर्जात त्यांची गणती नव्हतीच.

चैत्रात पोरी सवयीनं टोपल्या घेऊन निघाल्या, आणि दगडापर्यंत जाऊन परतल्या. अस्वल मात्र आलं होतं. खुंटांमधून फिरलेलं दिसत होतं, इकडून तिकडे, पुन्हा इकडे, हरवलेली वस्तू शोधत फिरावं तसं. मोठ्या बाई नंतर कधी आल्या नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात तळ्याचं पाणी चहासारखं झालं. पाचव्यात आम्ही जिथे डुंबायचो, तिथे गुडघाभर गाळ होता. बानं जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं आणि तो बल्लारशाकडे खाणीवर कामाला गेला. पाण्यावरचा माणूस जमिनीच्या खाली. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर कदाचित मला इतकी पुस्तकं लिहावी लागली नसती.

तेव्हापासून अकरा वर्षं मी अक्षर लिहिलं नाही. लग्न होऊन अहेरीला गेले. तिथल्या आठवडी बाजारात बायका पानांच्या द्रोणात टेंभरं, चारं, मोह घेऊन बसायच्या. त्यांच्याशी बोलता बोलता एक दिवस मी मुलाच्या पाटीवर एका झाडाचं नाव लिहिलं. जसं त्या म्हणाल्या तसं. मग दुसऱ्याचं. मग त्या झाडाखाली काय शिजतं, कोण येतं, पहिलं फूल कोणाला जातं. पहिला लेख पाठवला तो परत आला: ‘मजकूर चांगला, भाषा शुद्ध करून पाठवा.’ मी एक अक्षर न बदलता तोच पुन्हा पाठवला. तो पुन्हा आला, मी पुन्हा पाठवला. चार वर्षं हा खेळ चालला. शेवटी संपादक थकले असावेत.

पुढे मला रानाची लेखिका म्हणू लागले. हल्ली पर्यावरणाचीही म्हणतात. मी झाडीपट्टीची बोली पुस्तकात आणली, असं व्यासपीठावर सांगतात, शाल घालतात. मी कुठली आणतेय? मी ती एकदा गाळली होती, तेवढीच भरत बसले आहे. मास्तर असते तर त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात माझ्या नावापुढे आता काय लिहिलं असतं? सत्तावीस साग, मोह किती ते मोजले नव्हते, आणि एक तळं. माझ्या एकाही पुस्तकात झाडांचा आकडा नाही, वाट नाही, जागेचं नाव नाही. समीक्षक त्याला धूसरता म्हणतात. म्हणोत बापडे.

नात ओळींमधून पुढे गेली होती. तिनं हाक मारली, “आजी, हा बघ एक दगड!”

तोच होता. चपटा, काळा. त्यावर कोणीतरी पांढऱ्या रंगानं बाण काढला होता, आणखी कुठल्या तरी ओळीकडे. मी म्हटलं, “गाडीची किल्ली ठेव त्यावर.”

“का गं?”

“ठेव आधी.”

तिनं ठेवली. मी पिशवीतून ते हिरवं पेन काढलं. शाई कधीच वाळलीय, टोपणावरचं सोनं उडालंय. तेही ठेवलं. मग आम्ही दोघी आत गेलो, म्हणजे जिथे आत असायचं तिथे. मी तिला सगळं सांगितलं, या वेळी निसर्ग न घालता. वाळकं पान तिच्या बोटांत मोडत होतं.

“आणि झुरीमाय? ती काहीच बोलली नाही तुला?”

बोलली ना.

पोरी रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या त्या चैत्रात मी हे पेन गुपचूप नेऊन त्या दगडावर ठेवून आले होते. मला वाटलं, फेडलं. चौदाव्या वर्षी माणूस फार स्वस्तात फेडतो. तिसऱ्या दिवशी सकाळी झुरीमाय आमच्या अंगणात आली. आईनं सुकट बांधून दिली. तिच्याकडे त्या वर्षी बदल्यात द्यायला चारोळी नव्हती. मग तिनं कमरेच्या गाठीतून पेन काढलं. ते बघून मला रडू फुटलं, आणि किती तरी महिन्यांनी माझ्या तोंडून आमची बोली निघाली. “झुरीमाय, मी दुसरा अर्ज लिवीन. आता तू सांगशीन तसंच लिवीन. अस्वलीचं बी लिवीन.”

तिनं माझा हात ओढला, पेन तळहातावर ठेवलं आणि लेकराच्या मुठीत खाऊ द्यावा तशी माझी बोटं एक एक करून मिटवली. ती रागावलेली नव्हती. ती म्हणाली,

“लिव नं, माय. आता पायजे तेवढं चांगलं लिव. आता तुह्या लिवन्यानं तुटाले काई उरलं नाई.”